गिरजाबाईची भुवई

इस्तारीभाऊंचं ठाम मत झालं होतं की अलीकडे लोकांना बोलायचा कंटाळा आला आहे. बायको पुटपुटते, जावई तोंडातल्या तोंडात बोलतो, ग्रामपंचायतीचा भोंगा घोगरला आहे, आणि पाखरांनी तर गाणंच सोडून दिलं आहे. एवढं जग बिघडलं तरी आपले कान शाबूत आहेत, याचं त्यांना मोठं समाधान वाटे.

कान शाबूत असणं त्यांना भागच होतं. सिंदेवाहीकडे दिवाळी झाली, हलका धान कापून झाला, की गावोगाव मंडई भरते आणि मंडईत दिवसा दंडार होते. पायांत चाळ बांधलेले गडी रिंगण धरतात, आणि नाचाआधी गणपतीचा गण म्हणायचा मान मुख्य गायकाचा असतो. या गावात तो मान जवानीपासून इस्तारीभाऊंचा. बाजूच्या गावचा म्हातारा गायक एकदा भर मंडईत बेसूर झाला, तेव्हा भाऊंनी पानठेल्यावर उभं राहून सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "माहा सूर ज्या दिवशी हालन ना, त्याच दिवशी चाळ खुटीले टांगीन. कोणी सांगाची गरज नाई. मले ऐकू येते." सगळी भिस्त त्या शेवटच्या वाक्यावर होती.

घरात मात्र एक विघ्न होतं, ते म्हणजे गिरजाबाईची डावी भुवई. भाऊ गण घोळवायला बसले की एका ठरावीक जागी ती वर चढायची. तोंडातून शब्द नाही, हातातलं सूप पाखडणं चालूच. "जळते ते," भाऊ लटारूला सांगत, "तिले गळा नाई ना." लटारू त्यांचा जन्माचा जोडीदार, दंडारीत पेटी वाजवणारा. तो यावर जमिनीकडे बघत सुपारी कातरत बसे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या पेटीचा भाता उंदरांनी कुरतडला होता आणि काही केल्या दुरुस्त होत नव्हता. तेव्हापासून गण नुसत्या ढोलकीवर चालला होता. उंदीर एवढे चिवट कसे, याचं भाऊंना नवल वाटे.

त्या वर्षी दसऱ्यानंतर साधना आली. साधना धाकट्या भावाची पोरगी, बंगलोरला पाखरांच्या गाण्यावर संशोधन करणारी. तिच्याकडे आरपार दिसणारी एक मोठी परात होती, परातीच्या मधोमध माईक, आणि कानांवर घालायचे जाडजूड हेडफोन. सकाळी सकाळी ती परात रोखून कुंपणाशी बसायची. इस्तारीभाऊंची पुतणी पाखरांचं बोलणं परातीत गोळा करते, ही बातमी गावभर झाली. ते बोलणं पुढे कालवून खायचं असतं का, इथपर्यंत चौकशा झाल्या.

"काय ऐकून राह्यली वो बाई?" भाऊंनी विचारलं. "एक पाखरू त गात नाई."

"गाते ना, मोठेबाबा. दयाळाचं यंदाचं पिल्लू हाय. सराव करून राह्यलं." गावात आली की साधनाच्या जिभेवर गावची बोली आपोआप चढे. मग तिने नीट समजावून सांगितलं. अशी पाखरं गाणं जन्मतः घेऊन येत नाहीत. पिल्लू बापाचं गाणं आधी नुसतं ऐकतं आणि डोक्यात ठेवून देतं. मग स्वतः सुरू करतं, पहिल्यांदा गळ्यातल्या गळ्यात, बोबडं. म्हटलेलं आपल्याच कानांनी ऐकायचं, डोक्यातल्या गाण्याशी ताडून बघायचं, चुकलं तर पुन्हा म्हणायचं. त्यासाठी मेंदूत तिळाएवढ्या जागा नेमलेल्या असतात. एक गळा चालवणारी, आणि दुसरी तर शिकताना मुद्दाम वेडंवाकडं म्हणायला लावणारी.

"चुका कराले बी येगळी जागा?" भाऊ खूश झाले. "आपल्या पिंटूची मंग टरबुजाएवढी असन." पिंटू दंडारीतला झिलकरी, म्हणजे गणाची ओळ मागून म्हणणारा.

साधना हसली आणि तिने हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले. भाऊ दचकलेच. पाचोळा उकरणाऱ्या कोंबड्या, तळ्यापलीकडच्या बैलाची घंटा, आणि कुंपणातून दयाळाच्या पिल्लाची ती अडखळती शीळ, सगळं एकदम कानांत शिरलं.

"अवो, पाखरं वापस आले!" ते ओरडले.

"ते कुठी गेलेच नोते, मोठेबाबा," साधना म्हणाली. तिच्या सगळं लक्षात आलं आणि तिला वाईट वाटलं.

भाऊंचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी परात फिरवून स्वयंपाकघरावर रोखली होती. आत गिरजाबाई भांडी आवरता आवरता म्हणत होती, "परात घेऊन बसले म्हणे. घरच्या पराती धुवाले कदी हात लागला नाई यायचा." भाऊंनी आ वासला. पुटपुटणं म्हणतात ते हे होतं तर! मग गिरजाबाई गुणगुणायला लागली, आणि गुणगुणत होती ती गणच. "ये रे गणराया, रानाच्या वाटेनं." जिथे तिची भुवई चढायची, त्या 'वाटेनं'वर तिचा सूर सरळ उंच गेला आणि तिथेच थांबला. भाऊ ऐकत राहिले. लग्नानंतर पहिल्या मंडईत त्यांनी स्वतः म्हटला होता, तो अगदी तसाच. इतकी वर्षं बायकोने गळा लपवून ठेवला, ही चोरी पकडल्याचा त्यांना विलक्षण आनंद झाला.

त्याच आनंदात ते संध्याकाळी हेडफोन चढवून, परात हातात धरून मारुतीच्या पाराशी तालमीला गेले. "आज तुमी म्हणा, मी ऐकतो," त्यांनी ऐटीत फर्मावलं. ढोलकी सुरू झाली. पिंटू, विक्की आणि बाकीच्यांनी गण उचलला. 'वाटेनं' आलं, आणि सगळ्यांचा सूर मिळून, एकदिलाने, खाली घसरला.

"थांबा! हे काय लावलं बे? वर जाते ते! कोणं शिकवलं तुमाले असं?"

ढोलकी थांबली. विक्की चाळांची गाठ सोडून पुन्हा बांधू लागला. शेवटी पिंटूच म्हणाला, "तुमीच त शिकवलं जी, इस्तारीभाऊ. तुमी जसं म्हणता तसंच म्हणतो आमी."

भाऊंनी लटारूकडे पाहिलं. लटारूच्या डोळ्यांत पाणी होतं. उंदरांचा काही दोष नव्हता, हे भाऊंना त्याच क्षणी कळलं. खऱ्या सुरातली पेटी बाजूला वाजली असती तर घसरण साऱ्या गावाला कळली असती, म्हणून मित्राने पेटीच मारून टाकली होती. आणि ही पोरं गळा फुटल्यापासून त्यांचंच ऐकत आलेली, त्यांनी चूकसुद्धा मनोभावे पाठ केली होती.

घरी येऊन भाऊंनी चाळ खुंटीला टांगले. बोलल्याप्रमाणे वागणारा माणूस होता तो. पण खुंटीकडे बघताना त्यांचा जीव तुटत होता.

"पाखरू बहिरं झालं त काय होते वो, साधना?"

"गाणं हळूहळू बिघडते, मोठेबाबा. म्हटलेलं ताडून पाहाले मिळत नाई ना."

"मंग झालं." ते गिरजाबाईकडे वळले. "तुले समजत होतं त बोलली काऊन नाई?"

"भुवईनं सांगूनच राह्यली होती ना. तोंडानं बोलली असती त तुमी तवाच चाळ टांगले असते. दिवसभर घरात बसून माहंच डोकं खाल्लं असतं." मग तिने खुंटीवरच्या चाळांवरून हात फिरवला. "अन् तुमचं गाणं बंद झालेलं मले पाहावलं नसतं जी."

मशीन कानाला लावता येतं, साधनाने सांगितलं, पण चंद्रपूरला तपासून ते मिळेपर्यंत मंडई होऊन जाईल. तोवर हेडफोन? "गणपतीपुढं परात घेऊन उभा राहू? लोक चिल्लर टाकतीन," भाऊ म्हणाले.

साधना एकदम हसायलाच लागली. अमेरिकेत एक पाखरू आहे, तिने सांगितलं. त्याची मादी गात नाही. नर गातो, ती बसून ऐकते, आणि एखादी जागा पसंत पडली की पंख किंचित उडवते. नर तेवढंच बघतो आणि ती जागा धरून ठेवतो. "ताडून पाहाचं काम तेथी मादी करते, मोठेबाबा. तुमच्या घरी बी कवाचंच चालू हाय."

भाऊंनी बायकोच्या कपाळाकडे नव्याने पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून तालीम त्यांच्या ओसरीवर होऊ लागली. बाईमाणसाने दंडारीचा गण शिकवल्याचं गावात कोणी ऐकलं नव्हतं. गिरजाबाई सूप घेऊन मधोमध बसली, आणि पिंटू, विक्की यांच्या रांगेत इस्तारीभाऊ. आपलाच गण ते बायकोकडून शिकत होते. सूर घसरला की भुवई चढायची, जागेवर बसला की उतरायची. पोरांच्या जुन्या खोडी जाता जाईनात, आणि शिव्या मात्र भाऊंना पडत. लटारूच्या पेटीचा भाता एका रात्रीत दुरुस्त झाला. उंदरांनी तो कसा काय परत केला, हे भाऊंनी त्याला दिवसातून चारदा विचारलं.

मंडईला चिक्कार गर्दी होती. एरवी बाया मागे बसत, पण गिरजाबाई मुरमुऱ्यांच्या दुकानांमधून वाट काढत आली आणि रिंगणाला लागून बसली. भाऊंनी चाळ बांधले. त्यांना पेटी जेमतेम ऐकू येत होती, आपला आवाज तर नाहीच. त्यांनी गर्दीवरून नजर काढली आणि एका कपाळावर ठेवली.

"ये रे गणराया..."

'वाटेनं' आलं. भुवई हलू लागलीशी वाटली. भाऊंनी सूर आणखी थोडा वर ढकलला. भुवई उतरली. त्यांनी तो तिथेच धरून ठेवला, दम संपेपर्यंत. मागून पिंटू आणि विक्कीने उचलला, तोही उंच. गिरजाबाईच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण भुवई जागची हलली नाही.

गण संपला तसे भाऊ लटारूच्या कानाशी वाकले. हळू बोलतोय असं त्यांना वाटलं, पण ऐकलं साऱ्या मंडईने.

"पाह्यलं का? आज जळली नाई ते."