लपवलेली घोडी

हिवाळाभर अट्रॅक्टा हेनेहनला वाटत होतं की तिच्याइतकं डोकं अख्ख्या आयर्लंडात कोणाला नाही. तिची घोडी बेसी तीन मैलांच्या दमाची, पण अट्रॅक्टा तिला मुद्दाम दोन मैलांच्या शर्यतींत उतरवायची. घोडी कधी सातवी यायची, कधी नववी. इंग्लंडात चेल्टनहॅमला मार्चमध्ये होणाऱ्या तीन मैलांच्या अडथळ्यांच्या शर्यतीत आधीचे निकाल पाहून चांगल्या घोड्याच्या पाठीवर शिशाचं वजन जास्त चढवतात, सुमार घोड्यावर कमी. इंग्लिश मंडळी घरच्या मैदानावर हौसेने जिंकत सुटतात आणि मार्चमध्ये भार वाहत बसतात. आपण हलकं जायचं, एवढाच तिचा बेत.

यात मरण झालं ते लेकीचं. बेसीवर सोर्चा बसायची. गावच्या पबमध्ये लोक हसायचे, "हेनेहनची पोर घोडीवर बसते की बटाट्याच्या पोत्यावर?" खरं सांगायची सोय नव्हती. हळूहळू इतर तबेल्यांनी तिला घोडे देणं बंद केलं. आता या एका शर्यतीत नाव धुऊन निघालं तर निघालं.

आणि यादी लागली. जागा मोजक्या, आधी मान जास्त वजनाच्या, म्हणजे चांगल्या ठरलेल्या घोड्यांचा. बेसी इतकी सुमार ठरली होती की यादीतच बसली नाही. राखीवांत मात्र पहिली.

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," सोर्चा म्हणाली. "तुझी तर घोडी रिकामी राहिली, आई."

अट्रॅक्टाला तोंड वर करायची लाज वाटली. तरी तिने बेसीला बोटीत चढवलंच.

चेल्टनहॅमला धो धो पाऊस. नावं पक्की व्हायच्या सकाळी हेझलडीन नावाचा इंग्लिश तबेलेवाला छत्रीचं टोक गवतात खुपसत आला.

"चिखल आहे नुसता. माझ्या घोड्याला नाही सोसायचा. काढून घेतो त्याला."

"अरेरे, वाईट झालं हो," अट्रॅक्टा म्हणाली. त्याच्या गळ्यात पडावं असं तिला वाटत होतं; रिकामी झालेली जागा आता बेसीची होती.

"आज काय करू?" खोगिरावर चढताना सोर्चाने विचारलं.

"आज पळव गं बाई."

शेवटच्या अडथळ्याला बेसी चौथी होती. पुढच्या चढावर बाकीचे घोडे धापा टाकू लागले आणि ती तर आत्ता कुठे रंगात आली होती. तिने एकेकाला मागे टाकलं. निकालात बेसीचं नाव पहिलं पुकारलं तेव्हा अट्रॅक्टा ओल्या गवतातच फतकल मारून बसली आणि ढसाढसा रडली. छातीवरचा हिवाळाभराचा दगड उतरला होता.

हेझलडीन हात मिळवायला आला. "तुम्ही लोक यांना खायला तरी काय घालता?"

"घोडीला ओट," चिखलाने माखलेली सोर्चा म्हणाली. "शिव्या मी खाते."

परत जाताना ती बेसीच्या मानेवरून हात फिरवत होती. "आता हिच्या पाठीवर शिसं चढवतील, आई."

"चढवू देत," अट्रॅक्टा म्हणाली. "पुढच्या वेळी तीन मैलांत पळवू, घरच्याच मैदानावर. पबवाल्यांच्या डोळ्यांदेखत."