मुरलेली घाण

"जगाचा इतिहास म्हणजे माणूस विरुद्ध जंतू हे एक अखंड युद्ध आहे, आणि या युद्धात तह नसतो!" फिनेलकाकांनी जाहीर केलं. श्रोता एकच होता, काचेच्या टाकीतला नारिंगी गोल्डफिश. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मागून एक लांबलचक काळा दोरा सोडला.

काका इस्पितळातल्या सफाई खात्याचे प्रमुख होते. ते निवृत्त झाले, अंगातलं फिनेल झालं नाही. लेक कामासाठी परगावी गेली तेव्हा आपला गब्दुल, म्हणजे हा मासा, त्यांच्या हवाली करून गेली. आईच्या नव्हे, त्यांच्या. "बाबा, तुमच्या भरवशावर ठेवतेय हं." लहानपणी पेन्सिलीला टोक काढायला द्यायची, त्यानंतर लेकीने बापावर काही सोपवल्याचं काकांना आठवत नव्हतं.

तेव्हा काकांनी कंबर कसली. गब्दुलला बादलीत बसवलं, टाकी पार रिकामी केली, काचा घासल्या, तळाचे खडे उकळले. फिल्टरमधला तपकिरी, बुळबुळीत स्पंज नळाखाली धरून पांढराफेक होईपर्यंत पिळला. मग नळाचं ताजं पाणी भरलं.

"आता यात ऑपरेशन करता येईल," ते म्हणाले.

"कुणाचं? माशाचं की तुमचं?" काकूंनी विचारलं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळलं. गब्दुल वर येऊन तोंड पाण्याबाहेर काढून आ वासू लागला. त्याला भूक लागली असं समजून काका खाद्याची डबी घेऊन धावले. काकूंनी डबी काढून घेतली आणि हातात फोन दिला.

"बाबा, स्पंज कशात धुतलात?" लेकीने सगळं ऐकून विचारलं.

"कशात म्हणजे? नळाखाली. एक जंतू शिल्लक ठेवला नाही!"

लेक म्हणाली, "अहो बाबा, ते आपले होते."

"कोण आपले?"

"जंतू! मासा घाण करतो, तिचं पाण्यात विष होतं. ते विष हे जंतू खातात. स्पंजात राहतात बिचारे. म्हणून स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलक्या हाताने पिळायचा असतो. तुम्ही टाकीतले सगळे सफाई कामगार मारलेत."

सफाई कामगार! ज्यांच्या हातमोज्यांसाठी काकांनी आयुष्यभर वरच्या साहेबांशी भांडणं केली, त्यांनाच त्यांनी नळाखाली धरून पिळलं होतं.

"वाचेल ना गं?"

"खायला बंद. ताज्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून आदल्या दिवशी भरून ठेवलेलं शिळं पाणी घालून थोडं थोडं पाणी बदला. पण मुख्य म्हणजे जुन्या, चालत्या टाकीतला मळका स्पंज आपल्या टाकीत पिळायला हवा. खाली घड्याळवाल्या काकांकडे आहे की टाकी!"

तळमजल्यावरच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात परवापरवाच काका गिऱ्हाइकांसमोर म्हणाले होते, "ही टाकी नव्हे, गटार आहे! मासे यात राहतात की शिक्षा भोगतात?" तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

आधी त्यांनी पाण्याचं पाहिलं. पाणी जाईल या धास्तीने काकू कायम बादल्या भरून ठेवत, आणि डास होतील म्हणून काका कायम चिडत. आज त्याच बादल्यांतलं पाणी त्यांनी तांब्या-तांब्याने, धार काचेवरून सोडत, टाकीत घातलं. चिडले नाहीत. गब्दुल मात्र वरच, आ वासून.

"बास!" काका उठले. इस्त्रीचा सदरा घातला. बुटांना पॉलिश केलं. एक वाटी घेतली आणि सवयीने उकळली.

"घाण आणायला उकळलेली वाटी?" काकू म्हणाल्या.

"शत्रूच्या दारात जायचं, तर शस्त्र स्वच्छ हवं."

जिन्यावर त्यांनी भाषण जुळवलं. विज्ञान बदलतं, सेनापतीलाही डावपेच बदलावे लागतात, वगैरे. दुकानात घड्याळवाले डोळ्याला भिंग लावून बसले होते. मागे शेवाळलेल्या टाकीत सुपाएवढ्या शेपट्यांचे मासे सासुरवाडीला आलेल्या जावयासारखे सुस्त फिरत होते.

"या, या, साहेब!" घड्याळवाल्यांनी भिंग काढलंच नाही. "आज काय, गटाराची तपासणी?"

बाकावरची गिऱ्हाइकं सरसावून बसली. काकांनी घसा खाकरला. इतिहास, युद्ध, डावपेच सगळं ओठांपर्यंत आलं. तेवढ्यात वरून काकूंची हाक आली, "अहो, लवकर! तो कलंडतोय!"

काकांनी वाटी पुढे केली.

"वाटीभर घाण देता का? जरा मुरलेली बघून द्या."