घेवड्याचे चार दाणे

टक्... टक्, टक् — नकाशावरून निसटलेला घेवड्याचा दाणा फरशीवर उड्या मारत शेगडीखाली गेला आणि स्वयंपाकघरातली दुपारची शांतता मोडली. ठिपक्याठिपक्यांचा एवढासा दाणा. नोएमीला सातव्या महिन्यात वाकवेना, म्हणून ती नुसतीच त्याच्याकडे बघत राहिली.

"आई, टोनीकाका पडला!" टेबलावर ओणवी झालेली दुल्से ओरडली.

शाळेतून कॅन्ससचा नकाशा मिळालाय, सगळ्या काउंट्यांचे, म्हणजे जिल्ह्यांचे, चौकोन आखलेला. जिथे आपली माणसं तिथे एकेक दाणा — हा खेळ मात्र दुल्सेचा स्वतःचा. खाली कोपऱ्यात, त्यांच्या काउंटीवर ढीगच झालाय. मांसाच्या कारखान्यातल्या कामासाठी आलेले काका, मावश्या, मावश्यांच्या नणंदा... आणि वर उत्तरेला घासून ठेवलेल्या ताटांसारखे कोरे चौकोन. त्यातल्याच एकात तिच्या नवऱ्याला, चेबोला, पवनचक्क्यांवर काम मिळतंय. संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं. "तू म्हणशील तसं," म्हणून नवरा मोकळा झाला आणि शीळ घालत कामावर गेला — त्या शिळेचं तोंड उत्तरेकडेच होतं, तिला काय कळत नाही?

सकाळी ओबदुलियाचा फोन. दुल्सेची ही धर्ममाता, म्हणजे नोएमीची कोमाद्रे. सख्ख्या बहिणीहून जवळची, आणि जिभेने तिखट.

"जा की, कोण अडवतंय! तिथे मिरची औषधाच्या दुकानात मिळते म्हणे."

"मिळते ना, डॉक्टरची चिठ्ठी लागते."

"हस, हस. आणि या बाळाची धर्ममाता कोण गं? पवनचक्की?"

हसता हसता तेच एक वाक्य मागे राहिलं होतं, डाळीतल्या खड्यासारखं. बाळाला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात घेणारी बाई अशी कुठूनही का आणता येते... पण माझ्या आईने आणलीच होती की, नोएमीच्या मनात आलं. ती या गावात आली तेव्हा हाही चौकोन कोराच — आणि मी पाळण्यात. आईने सरळ चर्चमधल्या शेजारच्या बाकावरच्या हिल्डाबाईंना धरलं. जर्मन शेतकऱ्याची बायको. हिची भाषा तिला येत नाही, तिची हिला. आईने मला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि हात मागे घेतले, झालं. पुढे माझी धर्ममाता दर रविवारी कोबी भरलेले पाव आणायची, आई त्यात हळूच मिरची सारायची, आणि हिल्डाबाई डोळे पुसत ताटली पुन्हा पुढे करायच्या. आजही नाताळात आमच्या तमालेंच्या, म्हणजे मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या पुरचुंड्यांच्या, पातेल्यात एक थर कोबीचा असतो. सगळ्यांना वाटतं, रीतच आहे.

तिकडेही कुठल्याशा बाकावर अशीच कुणीतरी बसली असेल... आपल्याला मांडी आहे हे अजून तिला ठाऊक नसेल. नोएमीला एकटीलाच हसू फुटलं. पोटातल्याने पाय झाडला.

दुल्सेने ढिगातून चार दाणे निवडले होते. "बाबा, आई, मी." बाळासाठी एक सुरकुतलेला, सगळ्यात छोटा. ते तिने वरच्या कोऱ्या चौकोनात ओळीने मांडले, मग मान तिरकी करून एकदा खाली, एकदा वर बघितलं.

"इथून काढले तरी कळतच नाही बघ. आणि तिथे चारच ठेवले तर केवढे दिसतात!" आणि जरा थांबून, "आई, असं उठून दिसणं चांगलं असतं का गं?"

नोएमीने ते चारही दाणे बोटाने त्या चौकोनात आणखी नीट बसवले. शेगडीखालचा दाणा अजून तिथेच होता — पण वाकायला जमतंय का ते करून बघावं असं तिला आता वाटत होतं.