मुठीचं वय

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर वैद्यमहाराज एकेका म्हाताऱ्याच्या हातात मुठीचा जोर मोजायचं यंत्र देत होते. दाबलं की काटा दहा-बारा किलोवर. मग जिभेवर चिमूटभर राखाडी पूड. तेवढ्यात चेला यंत्र रुमालाने पुसायचा. पुन्हा दाबलं की काटा थेट अठरावर! दहा वर्षं गळून पडली म्हणे. अट एकच, डॉक्टरांच्या गोळ्या बंद, नाहीतर पूड रुसते. पूड कसली, जावईबापूच की!

व्यासपीठाच्या पायथ्याशी नर्सबाई उभी होती. तिच्या आईने आठ दिवस हृदयाच्या गोळ्या गादीखाली लपवल्या होत्या, हे तिला सकाळी चादर बदलताना कळलं. आईचे पाय सुजले होते, चार पावलांत धाप लागत होती. पण आधी यंत्र, मग दवाखाना, असं म्हणून ती हटून बसली होती.

नर्सबाई म्हातारपणावरच्या संशोधनात काम करायची आणि असल्याच यंत्राने रोज वृद्धांची पकड मोजायची. पहिल्याच आठवड्यात तिने यंत्राची सरकती मूठ कुठल्या खाचेत आहे ते न बघता मोजत सुटून दिवसभराचे आकडे वाया घालवले होते. मोठ्या डॉक्टरांनी तिला चांगलंच फैलावर घेतलं होतं. तेव्हापासून तिची नजर आधी खाचेवर जायची, मग काट्यावर.

आईची पाळी आली. तिने यंत्र दाबलं, काटा नऊवर. पूड झाली, रुमाल फिरला आणि त्याखाली मूठ तीन खाचा आत सरकली. काटा पंधरावर! टाळ्यांचा कडकडाट झाला.

नर्सबाई धावत वर गेली. तिने मूठ पुन्हा बाहेर सरकवली.

"आई, पूड अजून तोंडात आहे ना? आता दाब."

काटा नऊवर.

अश्रद्ध हात लागला, शक्ती उडाली, असं महाराज गरजले. नर्सबाईने मूठ आत सरकवून आईला पुन्हा दाबायला लावलं. काटा पंधरावर.

"आली बघा परत," ती म्हणाली. "मूठ लांब असली की बोटांना जोर मिळत नाही, एवढंच. काटा हलला तर यंत्र कोणी हलवलं ते आधी बघा."

आईचे ओठ निळसर पडले होते. "म्हणजे मी बरी झालेच नाही?"

"नाही गं. चल, आता लगेच दवाखान्यात."

तिने आईला खुर्चीत टेकवलं, रुग्णवाहिका बोलावली आणि भीतभीतच सभागृहाला विचारलं, अजून कोणी गोळ्या बंद केल्यात? त्यांनी आजच आपल्या डॉक्टरांना गाठावं.

पहिल्या रांगेतल्या आजोबांनी हात वर केला. त्यांच्यामागे एक, मग तीन, मग अख्खी रांग.