चारही चाकं ओढणारी सावदेकरीण

हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मी थांबते. माझा पुढचा दरवाजा लाल आहे, मागचा पांढरा, टपावर पोचा आहे, आणि तरीही मी रॅलीची गाडी आहे. तीही साधीसुधी नव्हे, चारही चाकांनी ओढणारी. हे सांगताना मला काडीची लाज वाटत नाही.

रॅली ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. डांबर सोडून मुरूम, खडी, नाले अशा वाटेवर एकेका गाडीला एकटं सोडतात आणि घड्याळ लावतात. तिथे नुसती पुढची दोन चाकं ओढत असली की चढावर ती जागच्या जागी फिरत बसतात. चारही ओढत असली की गाडी चढून जाते. पण अशी तयार रॅलीची गाडी परदेशातून येते आणि तिच्या किमतीत आमच्या सावद्याला बंगला बांधून उरलेल्यात केळीची बाग लावता येईल. ती घेणार कोण? मोठे संघ आणि मोठ्या बापांची मुलं. बाकीचे स्वतःच्या खिशातून खर्च करून येतात, पुढच्याची धूळ खातात आणि घरी जातात.

दिपमाला अशी धूळ खाऊन तीनदा घरी आली होती. केळीचे घड भरलेली पिकअप शेतातून स्टेशनवर नेणारी ही बाई. चिखलात गाडी कशी काढायची हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. तिसऱ्यांदा हरून आली तेव्हा ती सरळ हसीबभाऊंच्या गॅरेजात गेली आणि म्हणाली, "भाऊ, मी कमी पडत नाही. माही गाडी कमी पडते."

हसीबभाऊ म्हणजे सावद्यातले मिस्त्री. केळीच्या गाड्या दुरुस्त करण्यात त्यांची तीस वर्षं गेली. बोलणं मोजकं, हात सतत काळे. त्यांनी दिपमालाचं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि दुसऱ्या दिवसापासून भंगारवाल्यांकडे फिरायला लागले. माझा जन्म असा झाला. इंजिन आणि सांगाडा एका जुन्या छोट्या मोटारीचा, मागचा ॲक्सल मोडीत निघालेल्या व्हॅनचा, आणि ताकद पुढे-मागे वाटून देणारी पेटी लिलावात सुटलेल्या जीपची. तिघींचं एकमेकींशी जमेना. पेटी बसवायला त्यांनी माझा पत्रा चार वेळा कापला आणि चार वेळा जोडला. मला त्या दिवसांत फार राग यायचा. आता वाटतं, माझा हा स्वभाव तिथेच घडला असावा.

भाऊंची एक रीत मला आवडायची. कुठलाही भाग नीट बसला की ते त्याची मापं ऑइलपेंटने गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवत. त्यांची मुलगी अफरीन गावात गणिताचे क्लास घेते. ती बापाच्या वेड्यावाकड्या आकृत्या पुसून नीट काढून द्यायची. भिंत रस्त्याकडून दिसायची. कुणी विचारलं तर भाऊ म्हणायचे, "पाहाय ना. पाहायले कोन नाही म्हनतं?" असे पाहून जाणारे वाढले. शिंदखेड्याचा भिकन, शिरपूरचे दोघे भाऊ, असे करता करता सहा जणांनी आपापल्या घरी माझ्या बहिणी बांधायला घेतल्या. आणि मग सगळे अर्ध्यावर थांबले.

थांबण्याचं कारण आयोजकांनी काढलेला नियम. घरी बांधलेल्या फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकं ओढणाऱ्या, गाड्यांना या वर्षी नुसतं आजमावून पाहणार होते. अशी एक तरी गाडी शिरपूरची रॅली चारही चाकं चालू ठेवून, वेळेत पुरी करेल, तर पुढच्या वर्षी खासगी स्पर्धकांचा वेगळा गट. नाही केली तर दार बंद. तयार होते मी एकटी. सहा जणांच्या गाड्यांचे सांगाडे माझ्याकडे डोळे लावून अंगणात पडले होते, आणि माझ्यावरच सगळं येऊन ठेपलं होतं.

रॅलीच्या सकाळी तपासणीचे साहेब माझ्याभोवती दोनदा फिरले. गाडी उलटली तर वाचवणाऱ्या आतल्या लोखंडी पिंजऱ्याचा एकेक जोड त्यांनी टिचकी मारून पाहिला आणि काहीच सापडेना तेव्हा जरा हिरमुसले. "मॅडम, ही किती टप्पे टिकेल?"

"जितके आहेत तितके," दिपमाला म्हणाली. टप्पे चार होते. दोन सकाळी, दोन दुपारी, मध्ये पाऊण तासाची दुरुस्तीची सुट्टी.

पहिला टप्पा मी अशी पळाले की माझा मलाच विश्वास बसेना. शेजारच्या सीटवर अफरीन वही धरून वळणं वाचत होती, दिपमाला चाक फिरवत होती, आणि सातपुड्याच्या पायथ्याचा मुरूम माझ्या चारही चाकांखालून मागे उडत होता. दुसऱ्या टप्प्यात मात्र घोळ झाला. प्रत्येक खड्ड्यात माझी मागची बाजू खाली बसू लागली. मागच्या चाकांना ताकद नेणारा शाफ्ट पत्र्यावर आपटू लागला. शेवटच्या ओढ्यात जोराचा आवाज आला आणि शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस तुटला. मागची दोन चाकं मेल्यासारखी झाली. पुढच्या दोघांच्या जोरावर मी कशीबशी सुट्टीच्या जागी पोचले.

भाऊ पिकअप घेऊन तिथे थांबलेच होते. ते माझ्याखाली शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता.

"क्रॉस दुसरा हाय, टाकतो. पन तो बी तुटन. मागचे पाटे मोजले मी. एक कमी हाय."

"कोणी काढला, अब्बा?" अफरीनने विचारलं.

"मीच."

सांगते काय झालं ते. सावद्यात केळीची गाडी कुणी आणली की हसीबभाऊ मागच्या कमानीतला, म्हणजे थरांच्या स्प्रिंगमधला, एक पाटा काढून ठेवतात. गाडी मऊ होते, खड्ड्यात घडाला मार बसत नाही. घडाला डाग पडला की व्यापारी तोंड फिरवतो, म्हणून आमच्याकडे ही रीतच आहे. माझा ॲक्सल बसवताना भाऊंनी मापं बरोबर घेतली, जोड बरोबर घेतले, आणि हाताने आपणहून एक पाटा काढून बाजूला ठेवला. तीस वर्षं हात तेच करत आला होता, डोक्याला त्याने विचारलंच नाही. मला केळी वाहायला तयार केलं आणि रॅलीला पाठवलं. राग येण्यासारखीच गोष्ट होती, पण भाऊंना तसं मातीत बसलेलं पाहून मला रागावता येईना.

तेवढ्यात तपासणीचे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. हळूच म्हणाले, "शाफ्ट काढून टाका. पुढच्या दोन चाकांवर आरामात पोचाल. तुमचं नाव तरी यादीत लागेल."

"आणि तुम्ही कागदावर काय लिहाल?" अफरीनने विचारलं.

"जे असेल ते. दोन चाकं."

दिपमालाने हेल्मेट बोनेटवर ठेवलं. "मग कायले काढू? चार चाकाची म्हनून आनली तिले. माहं नाव लागून त्या सहा जनाच्या गाड्या उभ्या राहतील का?"

घड्याळात बत्तीस मिनिटं उरली होती.

भाऊ उठले. इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःच्या पिकअपला मागून जॅक लावला. दिपमाला म्हणाली, "भाऊ, ती तुमची रोजीरोटी हाय." भाऊंनी पिकअपचा एक पाटा काढला. तो माझ्यासाठी लांब होता आणि जरा रुंदही. ग्राइंडरने टोकं कापली, कडा घासल्या, ठिणग्या त्यांच्या सदऱ्यावर पडत होत्या आणि अफरीन त्या ओल्या फडक्याने विझवत होती. पाटा बसला. क्रॉस बसला. आम्ही सुट्टीच्या जागेवरून निघालो तेव्हा तीन मिनिटं उशीर झाला होता आणि माझ्यामागे एकही गाडी उरली नव्हती.

तिसऱ्या टप्प्याच्या तोंडाशी एक म्हातारी बांधावर बसली होती. सगळ्या गेल्यावर आता आम्ही कुठे निघालो, याचं तिला नवल वाटलं. म्हणाली, "बठ्ठ्या गाड्या ग्यात, बाई. तू आते कथी चालनी?"

"त्यांच्या मागे," दिपमाला म्हणाली.

तिसरा टप्पा मी दात-ओठ खाऊन काढला. माझी पाठ आता ताठ होती, हादरे थेट दोघींच्या मणक्यात जात होते. चौथ्या टप्प्यात कोरडा नाला होता, ढोपरभर रेतीचा. दोन गाड्या त्यात रुतून बसल्या होत्या. त्यातली एक चांगली चकचकीत होती. दोघींतली माणसं ठीक असल्याची पाटी दाखवत काठावर उभी होती. अफरीन म्हणाली, "ताई, डावीकडे रेती कमी आहे." दिपमालाने ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला नाही. मी रेतीत उतरले, पुढची चाकं बुडाली, मागच्यांनी ढकललं, मग मागची बुडाली आणि पुढच्यांनी ओढलं. इंजिन इतकं तापलं की वाटलं, आता उकळून सांडणार. समोरचा काठ आला आणि मी चढले. मला त्या क्षणी कुणी स्वस्तातली गाडी म्हणालं असतं तर मी त्याच्या तोंडावर रेती उडवली असती.

पाचला रॅलीच्या शेवटचं फाटक बंद होणार होतं. चार अठ्ठावन्नला मी आत होते, शेवटून पहिली. साहेबांनी मला जॅकवर उचललं, गिअर टाकायला सांगितला आणि खाली वाकून पाहिलं. चारही चाकं फिरत होती. ते एकेका चाकाशी जाऊन उभे राहिले, जणू मोजायला चुकतील अशी भीती होती. मग कागदावर 'चार' लिहिलं आणि तो दिपमालासमोर धरला. भाऊ पाठ फिरवून डोळे पुसत होते. रडलो नाही असं सांगायला नंतर त्यांनी धुळीचं कारण दिलं.

आठवड्याने एका मोठ्या संघाचे व्यवस्थापक सावद्याला आले. मला विकत घ्यायला तयार होते, किंमतही भली बोलले. अट एकच, हिच्यासारखी दुसरी बांधायची नाही आणि भिंत रंगवून टाकायची. भाऊंनी त्यांना चहा पाजला. दिपमालाने त्यांच्यासमोरच पाना घेतला आणि माझं पहिलं नट सैल केलं.

आज मी गॅरेजच्या शेडमध्ये विटांवर उभी आहे, जवळजवळ रिकामी. त्या सहा जणांना पाहून बांधता यावं म्हणून माझा शाफ्ट शिरपूरला मापाला गेला आहे, पुढचा सांधा चोपड्याला. ताकद वाटणारी पेटी भिकन शिंदखेड्याला घेऊन गेला, तशी दुसरी जुळेपर्यंत ती त्याच्याकडेच राहणार. दुखतं का, असं विचाराल तर हो, दुखतं. पण मला शोभेची म्हणून झाकून ठेवलं असतं तर याहून जास्त दुखलं असतं. तुमच्यापैकी कुणाला माझ्यासारखी बांधायची असेल तर या, माझ्या उघड्या पोटात हात घाला, काय लागेल ते मोजा.

जानेवारीत शिरपूरच्या त्या वाटेवर खासगी स्पर्धकांचा गट पहिल्यांदा उभा राहणार आहे. माझे भाग तोवर परत आले तर मीही असेन. नाही आले, तर माझ्यासाठी रांग थांबवू नका. सुटायचा झेंडा पाडा.