दंडावरचा रुपया

त्रिवेणीची बॅग दारापाशी उभी होती. तिकीट फोनमध्ये होतं. गाडी संध्याकाळी नामपल्लीहून सुटणार होती. फक्त तिचा दंड उघडा होता, आणि त्या घरातून उघड्या दंडाने कुणी परगावी जात नसे.

रीत आजोबांनी आणलेली. नांदेडकडची शेती भावांवर सोपवून ते हैदराबादच्या गौलीगुड्यात राहायला आले होते. नोकरीसाठी पहिल्यांदा वरंगळला निघाले, तेव्हा शेजारच्या मुसलमान खालांनी त्यांच्या उजव्या दंडावर हिरव्या कापडात गुंडाळलेला रुपया बांधला. इमाम जामीन. प्रवाशाची हमी इमामाने घ्यायची, आणि सुखरूप पोहोचल्यावर रुपया गरजवंताला द्यायचा. आजोबा सुखरूप पोहोचले आणि रीत घराला चिकटली. आजीने तिला आपलं वळण लावलं. आधी रुपयाला हळदकुंकू, मग कापड, आणि गाठ मारताना गणपतीचं नाव. इमामाची याला काही हरकत असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. आजोबांनी वर स्वतःचा एक नियम जोडला. बांधायचं ते घरातल्या मोठ्या माणसाने, आणि एकदा बांधलं की घरातल्या कुणी आडवं यायचं नाही. वरच्याने हमी घेतल्यावर खालच्यांनी मध्ये तोंड घालू नये.

उघड्या दंडाने एकच जण गेली होती, त्रिवेणीची आत्या. तिचं नाव मलकपेठच्या या नव्या घरात उच्चारलंही जात नव्हतं. ग्रुप फोटोत ती जिथे बसली होती तिथे कात्रीने कापलेली गोल खिडकी होती.

म्हणून केशवराव मुलीला जाऊ नकोस असं म्हणालेच नाहीत. सकाळी त्यांनी जामिनाचं हिरवं साटीन कपाटात ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली आणि पेपर उघडला.

"मी बांधणार नाही," ते पेपरामागून म्हणाले. "पुढचं तुझं तू बघ."

पुढचं बघण्यासारखं काही ठेवलेलं नव्हतं. गेलीस तर आत्यासारखी जाशील, हे त्यांना न बोलता सांगायचं होतं, आणि ते तिला नीट कळलं होतं.

त्रिवेणी रसायनशास्त्रात एमएस्सी झाली होती. विशाखापट्टणमला परदेशात माल पाठवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली होती. कोळंबीत औषधांचा अंश राहिलाय का ते तपासायचं. मुलाखतीला ती मैत्रिणीच्या कुटुंबाबरोबर गेली होती. ती सहल म्हणून खपून गेली, तेव्हा जामिनाची गोष्ट निघाली नाही. मुलाखत झाल्यावर संध्याकाळी ती बीच रोडवर उभी राहिली. अर्धं गाव पाण्यापाशी आलं होतं. भाजलेली कणसं, चुरमुऱ्यांच्या पुड्या, फुगे, वाळूत क्रिकेट, ढोपरापर्यंत साड्या वर धरून लाटेला शिव्या देणाऱ्या बायका. तिला कुणी ओळखत नव्हतं आणि कुणी तिच्याकडे बघतही नव्हतं. ती कणीस खाऊन संपेपर्यंत तिथेच उभी राहिली होती. परत आल्यावर ते तिने घरात कुणालाही सांगितलं नाही.

जेवायला चौघं बसले. आई गेल्यापासून या घरातला स्वयंपाक मोठ्या काकूंच्या, म्हणजे चतुराबाईंच्या हातात होता. त्या केशवरावांच्या थोरल्या भावाच्या विधवा. त्रिवेणीला त्यांनी वाढवलं, उपाशी कधी ठेवलं नाही आणि जवळही कधी घेतलं नाही.

"एमएस्सी इन झिंगा," विक्रम म्हणाला. तो त्रिवेणीचा मोठा भाऊ. हिमायतनगरच्या एका शोरूममध्ये मोबाइल विकायचा. "क्या बी बोलो, घराण्याचं नाव काढलंस तू. झिंग्याला विचारणार, ताप-बीप आला होता का, गोळी घेतली होती का?"

"दादा, भाजी दे."

"समुद्रच पाहिजे होता तर हुसेनसागर होता की. तिथं पण वास येतो."

"विक्रम," केशवराव म्हणाले, पण हसू लपवायला त्यांनी ताक तोंडाला लावलं.

"हैदराबादेत औषधांच्या कंपन्या काय कमी आहेत?" ते ताटाकडे बघत म्हणाले. "लोक इथे येतात नोकरीला. मुंबईचे येतात. आमचं रत्न इथून उठून तिकडे जातं. कुणासाठी?"

"कुणासाठी नाही, बाबा."

"मग कशासाठी? मी काय कमी केलं तुला?"

त्यांनी खरंच काही कमी केलं नव्हतं. कॉलेजला सोडायचे, आणायचे, बस उशिरा आली तर स्टॉपवर उभे असायचे. वर्गातल्या मुलांपैकी कोण कुठे राहतो हे त्यांना तिच्यापेक्षा जास्त माहीत असायचं. त्रिवेणीला एवढंच म्हणायचं होतं की एकदा तरी बस उशिरा यावी आणि स्टॉपवर कुणी नसावं. पण हे जेवताना बोलता येत नाही.

"माझा विश्वास नाही त्या कापडावर," ती म्हणाली.

"नाही ना? मग जा की."

ती उठली नाही. केशवरावांनी तिच्याकडे पाहिलं. आपण जिंकलो हे त्यांना कळलं, आणि त्यांनी आणखी एक भाकरी मागितली.

चतुराबाईंनी ती त्यांच्या ताटात लांबूनच टाकली.

"झाली भांडणं?" त्या म्हणाल्या. "ताटं उचला मग. माझी कमर दुखतीये."

जेवणानंतर केशवराव बाहेरच्या खोलीत आडवे झाले. विक्रम गाडीवर कपडा मारत बसला. जायचं ठरलंच तर सोडायला येणार का, असं त्रिवेणीने विचारलं तर म्हणाला, "रेसचा दिवस आहे. रोड जाम असतो. नक्को." रेसकोर्सकडून लाउडस्पीकरचा आवाज खरंच येत होता.

ती स्वयंपाकघरात पाण्याची बाटली भरायला गेली. चतुराबाई पाटावर बसल्या होत्या. पुढ्यात हळदकुंकवाचा करंडा, देवापुढचा एक रुपया, आणि ब्लाऊज शिवून उरलेल्या हिरव्या कापडाची पट्टी.

"बाही वर कर," त्या म्हणाल्या.

त्रिवेणी बाटली धरून उभी राहिली.

"बहिरी झालीस? बाही वर कर. मला बसून बसून मुंग्या आल्यात."

"काकू, बाबा नको म्हणालेत."

"बाबाला काय विचारायचं? मोठी मी आहे या घरात. त्याचा भाऊ मेला, मी नाही मेले."

त्यांनी तिचा हात खेचला. रुपयाला बोट लावलं, कापडात गुंडाळला, दंडावर ठेवला आणि पट्टी आवळली. गणपतीचं नाव घेतलं ते पालेभाजीवाल्याशी घासाघीस करावी त्या सुरात. गाठ मारली, वर दुसरी मारली. त्रिवेणीच्या तोंडून हळूच आवाज निघाला.

"दुखतंय, काकू."

"दुखू दे."

त्या तिला दंडाला धरून बाहेरच्या खोलीत घेऊन आल्या. केशवराव उठून बसले. त्यांचा हात आधी खिशातल्या किल्लीवर गेला, मग नजर मुलीच्या दंडावर.

"वहिनी, सोडा ते."

"बांधलेला जामीन सोडत नसतात, भाऊजी."

"हा खेळ नाही."

"नाहीच. मामंजींचा नियम आहे. तुम्हीच मला शिकवलात. आठवतंय का? माझा युवराज मस्कतला निघाला होता. मी कपाटाला पाठ लावून उभी होते, की हे कापड बाहेर येऊ नये. तुम्ही मला बाजूला केलंत. असं खांद्याला धरून. आणि तुमच्या हाताने बांधलंत त्याला."

"त्याचं भलं होणार होतं. चांगली नोकरी होती."

"हिचीबी चांगलीच आहे म्हणतात. झिंगे मस्कतलाबी जात असतील."

विक्रम दारात येऊन उभा राहिला.

"मी रडायला लागले तर काय म्हणालात?" चतुराबाईंचा आवाज चढला नव्हता. "म्हणालात, वहिनी, जामीन बांधलाय, आता शब्द काढायचा नाही. मी नाही काढला. पोहोचलो म्हणून त्याचा फोन आला नाही, तरी नाही काढला. त्याने लग्न केल्याचं तिसऱ्याकडून कळलं, तरी नाही. आता तुम्ही काढू नका."

केशवराव गादीच्या कडेला बसून राहिले. आजोबांचा फोटो त्यांच्या बरोबर डोक्यावर होता. त्यांनी वर पाहिलं नाही.

त्रिवेणीला पहिल्यांदाच नीट दिसलं. दंडावरची गाठ तिच्यासाठी बांधलेली नव्हती. ती फक्त हाताशी होती म्हणून तिच्यावर बांधली गेली. इतकी वर्षं काकू तिला वाढत होत्या, की या दुपारची वाट बघत होत्या, हे तिला सांगता आलं नसतं. आणि तरी गाठ खरी होती. ती बाबांपुढे वाकली. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत आणि हातही उचलला नाही.

रिक्षा विक्रमने आणली. बॅग आत टाकताना तो म्हणाला, "काकूशी पंगा घेऊ नये माणसाने." मग रिक्षावाल्याला उगाच दटावलं, "सीदा स्टेशन, मियाँ. घुमव-फिरव नक्को."

चतुराबाई फाटकापर्यंत आल्या. रिक्षात वाकून म्हणाल्या, "गैरसमज नको करून घेऊ. तू जा की राहा, मला सुतक नाही."

"माहीत आहे, काकू."

"पोहोचलीस की रुपया कुणाला तरी देऊन टाक. आणि बापाला फोन करायचा नाही. कळू दे त्यालाबी. मी बांधलंय, तर एवढं ऐकायचं."

रिक्षा सुटली. चादरघाटचा पूल येईपर्यंत तिच्या बोटांना मुंग्या आल्या. गाठ नेमकी शिरेवर बसली होती. कापड थोडं खाली सरकवलं असतं तर रक्त मोकळं झालं असतं. तिने सरकवलं नाही.

सकाळी विशाखापट्टणमला उतरून तिने हॉस्टेलवर बॅग टाकली आणि तशीच चालत बीच रोडवर आली. समुद्रावर गर्दी तेव्हाही होती, पण वेगळी. पळणारी, घाम पुसणारी, ओरडून ओरडून व्यायाम करणारी माणसं. हॉस्टेलची बाई तिच्या तेलुगूला हसली होती. हैदराबादी का, म्हणाली होती, जणू तो त्वचेचा रोग असावा. देवळाच्या पायरीवर एक म्हातारा वाटी घेऊन बसला होता. त्रिवेणीने दातांनी गाठ सोडली. दंडावर जांभळा वळ उठला होता. हळदीने पिवळा झालेला रुपया तिने वाटीत टाकला.

म्हाताऱ्याने तो उचलला, उलटा करून बघितला.

"ओक्क रुपायेना?" तो म्हणाला. एकच रुपया? शेजारच्या फुलवालीला त्याने तो दाखवला आणि दोघं हसली.

त्रिवेणीने पर्स उघडली नाही. तेवढाच द्यायचा होता. ती कठड्यावर जाऊन बसली आणि फोन हातात घेतला. काकूंनी मागितलेली किंमत तिला कळत होती. ती चुकती केली तर घरात कोंडलेली दोन माणसं एकमेकांसमोर बसून फोनकडे बघत राहणार होती, आणि त्या घरात फोटोला दुसरी खिडकी पडणार होती.

तिने बाबांना फोन लावला. पहिली रिंग पूर्ण व्हायच्या आत उचलला गेला.

"पोहोचले, बाबा. रुपया दिला."

मग घसा खाकरल्याचा आवाज. "जेवलीस?"

"आत्ता सकाळ आहे."

"हां."

मागून चतुराबाईंनी विचारलं, कुणाचा आहे. उत्तर ऐकू आलं नाही. पातेलं ओट्यावर आपटल्याचा आवाज मात्र आला. मग फोन हातातून हातात गेला.

"केलास ना फोन," चतुराबाई म्हणाल्या.

"केला."

"सांगितलं होतं तुला."

"हो. दंड सुजलाय माझा, काकू."

"सुजू दे."

एक लाट कठड्याखाली येऊन फुटली, आणि तो आवाज पलीकडे गेला असावा, कारण त्यांनी विचारलं, काय पडलं ते?

"समुद्र आहे."

"असेल. इकडे ऐक. तुझ्या खोलीत मी गव्हाची कोठी ठेवणार आहे. दिवाळीला येणार असशील तर चार दिवस आधी कळव. उगाच ऐन वेळी येऊन मला उचलाउचली करायला लावू नकोस."

आणि त्यांनी फोन ठेवला.