बाबांचं तांबं

धाकट्याने हातोडीचा दांडा आईच्या तोंडावर हाणला, तेव्हा ती त्याला चहा देत होती. दोन दात फरशीवर पडले. का मारलं, ते त्यालाही सांगता येईना. अडखळत्या जिभेने काहीतरी बरळला आणि स्वतःच रडायला लागला. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हा माझा भाऊ गाईसारखा गरीब होता.

बाबांनी त्याचं रडं थांबवलं. घराच्या पुढच्या खोलीत आमचं विजेच्या मोटारींच्या रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली तार उपसायची, नवी तांब्याची भरायची. तिथे फरफटत नेऊन त्यांनी त्याला केबलने फोडून काढलं. मी मध्ये पडले, तर माझ्याही पाठीवर वळ उठले. मार वाटण्यात आमच्या घरात कधी दुजाभाव झाला नाही.

"याला बाहेर काढतो," बाबा धापा टाकत म्हणाले. "हा घरात राहिला तर एक दिवस तिचा जीव घेईल."

हे कोण बोलतंय? माझ्या जन्माआधीपासून ते तिला बदडत आलेत. तिचा डावा कान त्यांच्याच थपडेने गेला. पण तो म्हणे राग, आणि पोराचा तो माज.

दवाखान्यात आईच्या ओठाला टाके घालताना डॉक्टरीणबाईंचं लक्ष धाकट्याच्या थरथरत्या हातांकडे गेलं. त्यांनी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली. बुबुळांच्या कडेने तपकिरी कडं होतं. रक्त, लघवी, सगळं तपासून झाल्यावर त्यांनी आम्हाला समोर बसवलं.

"अन्नातून सगळ्यांच्याच पोटात थोडं तांबं जातं. पेशींना ते हवंच असतं, पण मोजकं. जास्तीचं यकृताच्या पेशी पित्तात टाकतात. ते बाहेर नेणारा एक हमाल असतो म्हणा. याचा हमाल जन्मापासून निकामी आहे. तांबं आधी यकृतात साचलं, मग मेंदूत. थरथर, अडखळणं, अंगावर धावून जाणं, सगळं त्यातूनच. औषध आहे. जन्मभर घ्यावं लागेल."

बाबांचा चेहरा उजळला.

"तरीच," ते आईकडे वळले. "अगं, मलाही हेच असणार. उभा जन्म तांब्यात गेला माझा. मी काय मुद्दाम मारत होतो?"

"तार हाताळून हे होत नाही," बाई म्हणाल्या. बाबांनी हट्टाने तपासण्या करून घेतल्याच.

तेवढे दिवस ते घरात पाहुण्यासारखे वागले. धाकट्याला गोळ्या स्वतः देत. "बरा झालो की बघ," असं आईला सांगत. आई खुळी, तिने ते खरं मानलं. मला तिचाच जास्त राग आला.

मग निकाल आला. बाई म्हणाल्या, "मुलाला तुम्हा दोघांकडूनही सदोष जनुक आलंय. पण तुमच्या दोघांच्याही पेशींत त्याची दुसरी प्रत चांगली आहे, म्हणून काम चालतं. तुमचं तांबं ठीक आहे. तुम्हाला आजार नाही."

दुसऱ्या कोणी पेढे वाटले असते. बाबांनी घरी येऊन दार लावलं आणि आईच्या पोटात लाथ घातली.

"आता समाधान झालं तुझं?"

दुसरी लाथ धाकट्याने मध्ये पडून अंगावर घेतली. त्याच्या बरगडीचा आवाज मी ऐकला. बाबांनी केबलकडे हात नेला, तोवर आई टेबल धरून उठली होती.

"बाहेर व्हा," ती म्हणाली. "त्याला औषध आहे. तुम्हाला नाही."

तिच्या हातात हातोडी होती आणि तो हात अजिबात थरथरत नव्हता.